धुराडं तपासून घेतलं, त्याचा अनुभव

आमच्याकडं गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी आणि भाकरी अजून निर्धूर चुलीवरच. जळण पऱ्हाटी, तुराटी. दिवाळीनंतर धूर उलटा घरात यायला लागला. सासूबाईंचे डोळे दिवसभर चुरचुरत. गावातल्या एकानं वरून बांबू घालून दीडशे रुपये नेले, धूर तसाच. मग दारव्ह्याहून चुली बसवणारे मिस्त्री बोलावले.

फोनवरच म्हणाले, "वहिनी, आदल्या रात्रीपासून चूल थंड ठेवा." आल्यावर पाईपाखाली आरसा धरून मला दाखवलं. उजेड रुपयाएवढाच दिसत होता! तारेचा ब्रश दोरीनं सोडला, तर घमेलंभर काजळी निघाली. त्यात डांबरासारख्या चकचकीत खपल्या. एक खपली अंगणात पेटवून दाखवली, भडकन पेटली. पावसात भिजलेलं जळण जाळलं की हेच पाईपात साचतं, म्हणाले.

खरी भीती वर होती. टिनाखालची सागवानी बल्ली पाईपाला टेकलेली, एका बाजूनं कोळसा झालेली. मी हात लावला तर बोटं काळी झाली. त्याच बल्लीखाली माझी लेकरं झोपतात. मिस्त्रींनी ती वीतभर मागं सरकवली, भोकाला टिनाची कॉलर बसवली. निखारे असताना दार-खिडकी बंद करून झोपू नका, निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, हे सासूबाईंना दोनदा समजावलं.

सहाशे रुपये घेतले. गुरुवार सांगून रविवारी आले, तेवढं खटकलं. पण काम मनापासून केलं. पुढच्या दिवाळीआधी पुन्हा त्यांनाच बोलावणार.