केटचा नीलम, टेलरचा जुना हिरा, झेंडायाचा आडवा खडा: साखरपुड्याला कोणती अंगठी?

भाचीचा साखरपुडा ठरला आणि दुसऱ्याच दिवशी तिनं मला तीन फोटो पाठवले. एक गायिका टेलर स्विफ्टच्या बोटातल्या अंगठीचा, एक अभिनेत्री झेंडायाच्या, एक ब्रिटिश राजघराण्याची सून केट मिडलटनच्या. खाली एकच ओळ: "मावशी, यातली कुठली?"

भाची दातांची डॉक्टर आहे. दिवसभर हातमोजे घालते आणि काढते, घरी आली की कणीक मळते. या तिघींचे हात कणकेत जात असतील असं वाटत नाही. म्हणून मी खड्याच्या आकाराआधी तो अंगठीत कसा बसवलाय ते पाहायला लागले.

केटपासून सुरुवात करू, कारण ती अंगठी सगळ्यांना पाठ आहे. मूळची तिच्या सासूची, डायनाची. 1981 साली लंडनच्या गॅरार्डकडून घेतलेली, मधे 12 कॅरेट वजनाचा अंडाकृती सिलोनी नीलम, भोवती 14 हिरे, 18 कॅरेटचं पांढरं सोनं. तेव्हा नाकं मुरडली गेली ती अंगठी गॅरार्डच्या कॅटलॉगमधली होती म्हणून. राजघराण्याची सून, आणि अंगठी दुकानात कुणालाही मिळेल अशी! 2010 मध्ये विल्यमनं तीच केटला दिली आणि जगभरच्या सराफांकडे तिच्या नकलांचा पूर आला.

रोज वापरायला नीलम उत्तम. हिऱ्याची कठीणता 10 धरली तर नीलमची 9, त्यामुळे सहसा ओरखडे पडत नाहीत. गोची आहे ती भोवतीच्या हिऱ्यांची. डायनाच्या अंगठीत ते 14 आहेत आणि चांगले ठसठशीत आहेत. आज दुकानात 'हॅलो', म्हणजे खड्याभोवतीचं वलय, म्हणून जे दाखवतात त्यात कणीएवढे वीस-पंचवीस हिरे, प्रत्येक इवल्याशा दाण्यांनी धरलेला. दाणा झिजला की कणी पडते, आणि ती कुठं पडली ते कधीच कळत नाही. माझ्या स्वतःच्या एका अंगठीतल्या तीन कण्या अशाच गेल्या. दुकानदार म्हणाला, "वापरता म्हणून पडतात." आता यावर काय बोलायचं?

शिवाय आपल्याकडे नीलम म्हटलं की घरातलं कुणीतरी शनी काढतंच. उशाशी ठेवून बघा, लाभतो का बघा. माझा त्यावर विश्वास नाही, पण होणाऱ्या सासूबाईंचा असेल तर ते बोलणं अंगठी घेण्याआधी झालेलं बरं.

नीलमच्या शेजारी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची बायको जॅकी केनेडीची अंगठी ठेवून पाहा. 1953 ची, व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सची. 2.88 कॅरेटचा हिरा आणि 2.84 कॅरेटचा पाचू, दोघं खांद्याला खांदा लावून. या घाटाला फ्रेंचमध्ये 'त्वा ए म्वा' म्हणतात, म्हणजे तू आणि मी. नेपोलियननं जोसेफिनला 1796 मध्ये दिलेली अंगठीही याच घाटाची, एक हिरा आणि एक नीलम. अलीकडे गायिका अरियाना ग्रांडेनं हिऱ्यासोबत मोती घातला, अभिनेत्री मेगन फॉक्सनं पाचू. दिसायला ही मला सगळ्यांत गोड वाटते. पण रोज घालायची असेल तर मी नको म्हणेन. पाचूची कठीणता साडेसात ते आठ, आणि त्याच्या पोटात बहुधा बारीक भेगा असतात. त्या झाकायला तेल मुरवलेलं असतं, त्यामुळे सराफाकडच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात पाचू धुवायला द्यायचा नाही. मोती तर फारच मऊ. घाम, अत्तर, लिंबाचा रस, कशानंही त्याचं पाणी उतरतं. हिऱ्याशेजारी बसवलेला मऊ खडा वीस वर्षांनी हिऱ्याइतका तरुण दिसत नाही. दोन खडे हवेच असतील तर हिरा आणि नीलम अशी नेपोलियनची जोडी शहाणपणाची.

आता टेलर. तिनं ऑगस्ट 2025 मध्ये फोटो टाकला आणि 'ओल्ड माइन कट' हे शब्द सराफांच्या तोंडी आले. हे हिरे अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पद्धतीनं हातानं पैलू पाडलेले असतात. वरचा माथा उंच, वरचं सपाट तोंड लहान, बाह्यरेषा जराशी गुबगुबीत चौकोनी. विजेच्या दिव्यासाठी ते घडवलेलेच नव्हते, समईच्या किंवा मेणबत्तीच्या उजेडात ते खुलतात. आजच्या गोल 'ब्रिलियंट' घडणीच्या हिऱ्यासारखी बारीक ठिणग्यांची लखलख त्यात मिळत नाही, मोठे संथ झोत मिळतात. नावातली ती 'जुनी खाण' म्हणजे भारतातली आणि ब्राझीलमधली. दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडले ते 1860 च्या दशकात, आणि मग आधीच्या सगळ्या खाणी जुन्या ठरल्या.

हे लक्षात आलं आणि मी ताईला फोन केला. आईच्या हिऱ्याच्या कुड्या तिच्याकडे आहेत. जुन्या घरांमध्ये अशा सात खड्यांच्या कुड्या अजून डबीत पडून असतात, आणि त्यातले हिरे हातानं घडवलेले असण्याची बरीच शक्यता असते. बाहेर जुन्या घडणीच्या हिऱ्यासाठी वेगळे पैसे मोजायचे आणि घरातल्या कुड्या मोडीत घालायच्या, असा उलटा कारभार मी पाहिलेला आहे.

इथं केटची जाऊ मेगन मार्कल कामाला येते. 2017 ची तिची अंगठी तीन खड्यांची: मधला हिरा बोत्स्वानाचा, बाजूचे दोन डायनाच्या दागिन्यांतले. तिन्ही पिवळ्या सोन्यात. सासूच्या आठवणीला अंगठीच्या कडेला जागा मिळाली आणि मधली जागा स्वतःची राहिली. डायनाची अख्खी अंगठी केटला मिळाली, मेगनला दोन खडे. मला दुसरा वाटा जास्त आवडतो, कारण घाट स्वतःला हवा तसा करता येतो.

पिवळ्या सोन्याचा आणखी एक फायदा आहे, जो दुकानात आपणहून कुणी सांगत नाही. हिऱ्याचा रंग डी पासून झेड पर्यंत मोजतात, डी म्हणजे सगळ्यांत पांढरा. पांढऱ्या सोन्यात वरच्या प्रतीचा रंग लागतो, नाहीतर पिवळसर झाक दिसते. पिवळ्या सोन्यात जे किंवा के रंगाचा हिराही छान पांढरा वाटतो आणि पैसे वाचतात. पांढऱ्या सोन्यावरचा ऱ्होडियम या धातूचा मुलामा दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, ते वेगळंच.

झेंडायाची अंगठी मला शेवटी बघायची होती, कारण माझं मत तिच्याच बाजूनं होतं. जानेवारी 2025 मध्ये गोल्डन ग्लोब्ज पुरस्कार सोहळ्याला ती घालून आली. लंडनच्या जेसिका मॅककॉर्मॅककडची, लांबट हिरा बोटाला आडवा बसवलेला. खडा बोटाच्या रुंदीत पसरतो, म्हणून उभ्या खड्यासारखा पुढे टोकत नाही. अशा आडव्या खड्याला पूर्ण कोंदण केलं, म्हणजे धातूची पट्टी चारही बाजूंनी वळवून घेतली, तर हातमोजा अडकत नाही, केस अडकत नाहीत, ओढणी अडकत नाही. उंच चार नख्यांवर उभा केलेला हिरा उजेड जास्त पितो हे खरं. लोकलमध्ये दांडी धरून उभं राहायचं असेल तर मी थोडा उजेड सोडून देईन.

हॉलिवूडची नटी आणि पुढे मोनॅकोची राणी झालेल्या ग्रेस केलीचं एवढ्यासाठी सांगते की भाचीनं नंतर तोही फोटो पाठवला. तिला आधी माणिक आणि हिऱ्यांचं पूर्ण वेढं, म्हणजे सगळीकडून खडे जडवलेली अंगठी, मिळालं होतं आणि मग कार्टियेचा साधारण साडेदहा कॅरेटचा लांबट चौकोनी, 'एमराल्ड कट' हिरा. पूर्ण वेढ्याचं माप पुढे वाढवता येत नाही, बोट जाड झालं की डबीत. आणि एमराल्ड कटचे पैलू पायऱ्यांसारखे असतात, खिडकीतून पाहावं तसं आतलं सगळं दिसतं. त्यात आतला डाग लपत नाही, म्हणून वजन कमी घ्या पण निर्मळपणा वरचा घ्या. गोल हिऱ्यात याच्या उलट तडजोड चालते.

वजनावरून आठवलं, 1 कॅरेट हा आकडा फार महाग पडतो. तो ओलांडला की कॅरेटमागचा दर उडी घेतो. गोल हिरा 1 कॅरेटचा असेल तर साधारण साडेसहा मिलिमीटर, 0.90 चा सव्वासहाच्या आतबाहेर. बोटात हा फरक कुणाला दिसणार? प्रयोगशाळेतला हिरा घेतलात तर तो खराच हिरा, कठीणताही तीच, फक्त परत विकायला गेलात तर हाती फार थोडं येतं.

बिलावर सोन्याचं निव्वळ वजन आणि खड्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. 5 कॅरेट म्हणजे एक ग्रॅम, आणि तो ग्रॅम सोन्याच्या भावात लावलेला मी पाहिलाय. आत 750, म्हणजे 18 कॅरेट सोन्याची खूण, आणि सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, आहे का ते बघा. घडणावळीवर घासाघीस चालते, लाजू नका.

भाचीनं शेवटी आडवा अंडाकृती हिरा घेतला, 0.90 चा, पिवळ्या सोन्यात, कोंदणात. दोन्ही बाजूंना आजीच्या एका कुडीतले दोन हिरे. दुसरी कुडी ताईनं हातची सोडली नाही. सुट्टे उरलेले पाच हिरे डबीत आहेत आणि त्यावर धाकटीनं आत्तापासूनच हक्क सांगितलाय.