हप्ता मोठा की मुदत मोठी? तासिकांच्या कमाईवर शैक्षणिक कर्ज फेडताना

तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधनावर, शिकवणाऱ्याच्या वर्षात कमाईचे महिने धरून चाला नऊ. मी चार वर्षं असं शिकवलं. नेमणुकीची ऑर्डर निघायची ऑगस्टमध्ये, पहिलं मानधन हातात पडायचं दिवाळीच्या आगेमागे, आणि मे महिना कोरडा. कंत्राटी नर्स असलेल्या माझ्या बहिणीला पगार दरमहा मिळतो, पण ऑर्डर ११ महिन्यांची आणि मग 'ब्रेक'. बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने.

शिक्षण संपल्यावर बहुतेक सरकारी बँकांत साधारण वर्षभर हप्ता नसतो. या काळातलं व्याज मात्र चढत राहतं आणि शेवटी मुद्दलात मिळतं. ते धरून ४ लाख रुपये फेडायचे आहेत आणि व्याज १० टक्के आहे, असं समजू. बँकेत बसल्यावर खरा प्रश्न एकच येतो: मुदत किती?

७ वर्षं म्हणालात, तर हप्ता सुमारे ६,६४० रुपये आणि एकूण परतफेड ५ लाख ५८ हजारांच्या आसपास. १५ वर्षं म्हणालात, तर हप्ता ४,३०० वर येतो, पण परतफेड जाते पावणेआठ लाखांवर. नुसते आकडे पाहिले तर पहिला पर्याय उघड जिंकतो. घरातले, शेजारचे, बँकेतले काकासुद्धा तेच सांगतात, "लवकर मोकळा हो." कायम नोकरी असेल तर त्यांचं बरोबरच आहे.

आपल्याला नाही, म्हणून तिसरं गणित मांडून पाहा. करार १५ वर्षांचा करा. मानधन येतं त्या नऊ महिन्यांत स्वतःहून ६,६४० भरा, कोरड्या तीन महिन्यांत फक्त ४,३००. असं केलं तर कर्ज साधारण ८ वर्षांत फिटतं आणि एकूण भरणा होतो ५ लाख ८३ हजारांच्या घरात. म्हणजे ७ वर्षांच्या करारापेक्षा जास्तीचे गेले पंचवीसेक हजार. मे महिन्यात २,३०० रुपये कमी लागावेत यासाठी आठ वर्षांत मोजलेली ही किंमत मला तरी स्वस्त वाटते. फिरत्या, म्हणजे बदलत्या व्याजदराने व्यक्तीने घेतलेल्या शैक्षणिक कर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याचा दंड बँक घेऊ शकत नाही, म्हणून हे जमतं.

दोन ठिकाणी पाय घसरतो. जास्तीची रक्कम मुद्दलातून वजा झाली की पुढच्या हप्त्यापोटी आगाऊ जमा झाली, हे खातेउताऱ्यावर बघून घ्या. आणि हप्ता कमी न करता मुदत कमी करा, असं बँकेला लेखी द्या. दुसरी घसरण आपलीच. जास्तीचे पैसे 'पुढच्या महिन्यात भरू' म्हणणारा माणूस १५ वर्षांच्या करारात पावणेचार लाख व्याज भरून बसतो. स्वभाव तसा असेल तर १० वर्षं घ्या, हप्ता सुमारे ५,२९०.

नोकरीच गेली तर? बँकांच्या संघटनेच्या नमुना योजनेत बेरोजगारीच्या काळात दोन-तीनदा हप्त्यांना स्थगिती देण्याची सोय सुचवलेली आहे. द्यायची की नाही ते बँक ठरवते, आणि व्याज थांबत नाही. अर्ज हप्ता चुकायच्या आधी करा. ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं, आणि मग शाखेतला बोलण्याचा सूरच बदलतो. त्यात वडील सहकर्जदार असतील तर त्यांचाही सिबिल स्कोअर घसरतो. सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारे हप्ते, अशीही एक सोय असते. मानधन दरवर्षी वाढेल याची खात्री असलेल्यांनी ती घ्यावी; तासिकांवर असा कुणी मला अजून भेटलेला नाही.

आईच्या पाटल्या गहाण ठेवून कर्ज एकदम मिटवायचा सल्लाही मिळेल. व्याजात फारसा फरक पडत नाही, आणि सोनेतारण बहुधा वर्षाने सोडवावं किंवा नवं करावं लागतं. नको.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत मिळते, फक्त जुन्या करप्रणालीत आणि ८ वर्षंच. तिच्याकडे बघून मुदत ठरवू नका. तासिकांच्या कमाईवर कर लागतोच कुठे?

मी काय केलं? १५ वर्षांचा करार. पण पहिलं मानधन आलं तेव्हा कर्जात जास्तीचा रुपयाही टाकला नाही. आधी तीन हप्त्यांचे, म्हणजे जवळपास १३ हजार रुपये, ज्या खात्यातून हप्ता कापला जातो तिथे टाकले आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड आईकडे दिलं. दोन वेळा मागितलं, तिने दिलं नाही.