एव्हरग्रीनची स्टायरीन शीट: १:२४ ट्रकची केबिन बांधायला पैसे वसूल आहे का?

ट्रकची मॉडेल्स करणाऱ्यांचं दुखणं एकच. इटालेरी कंपनीची १:२४ ची (म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढी) किटं घ्या, बहुतेक युरोपातले स्कॅनिया नि व्होल्वो, एएमटीची घ्या तर बहुतेक अमेरिकन लांब नाकवाले आणि ते परत १:२५ मध्ये, पण आखूड नाकाचा आपला जुना टाटा १२१० एसई मला तरी किटमध्ये कुठं दिसलेला नाही. मग चासी नि चाकं कुठल्यातरी किटची घ्यायची आणि केबिन आपली आपण बांधायची, दुसरा मार्ग नाही. त्यासाठी एव्हरग्रीन कंपनीची स्टायरीन या प्लास्टिकची पांढरी शीट वापरली, तीच कशी वाटली ते लिहितोय.

आधी माल काय येतो ते. पाकीट १५ बाय ३० सेंटीमीटरचं, म्हणजे सहा इंच बाय एक फूट. कंपनी अमेरिकन असल्यामुळे जाडी मुळात इंचात, पण आपल्या हिशेबानं ०.२५, ०.५, ०.७५, १ मिमी असं धरून चाला. ९०२० नंबर म्हणजे ०.५ मिमी, पाकिटात तीन शीट, आणि ९०४० म्हणजे १ मिमी, त्यात दोनच. बघताना वाटतं एवढीशी शीट, पण खरी केबिन साधारण २.४ मीटर रुंद धरली तर १:२४ मध्ये ती १० सेंटीमीटर होते, म्हणजे एका शीटमध्ये चारी बाजू निघून वर टपापुरतं पण उरतं. किंमत मात्र बोचते. माल बाहेरून येतो, त्यात कुरिअर धरलं की घरात सांगायची सोय राहत नाही.

आता प्रश्न असा की पुण्यात अप्पा बळवंत चौकात सनबोर्ड मिळतो, तो का नको? इमारतींच्या मॉडेलला सनबोर्ड झकास आहे, पण आतून तो फेसाळ, कड घासली की बारीक भोकं दिसायला लागतात आणि स्टायरीनचा पातळ सिमेंट (प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद) त्याला नीट धरत नाही, मग फेविक्विकवर यावं लागतं. लोकल एचआयपीएस (हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन) शीट हा खरा पर्याय आहे कारण तो पण स्टायरीनच, चिकटतो पण तसाच. एका दुकानातून मागवली होती, नाव घेत नाही, गुंडाळी करून पाठवली त्यांनी आणि तो बाक शेवटपर्यंत गेला नाही. सपाट मिळाली तर केबिनचा फ्लोअर, सीटचे खोके, आतले आधार, जे दिसणार नाही त्या सगळ्याला खुशाल वापरा. बाहेरच्या पत्र्याला मात्र एव्हरग्रीनच, कारण जाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी आणि दोन्ही बाजू सारख्याच मॅट, प्रायमर छान बसतो.

कापायला तर मजाच आहे. स्टील पट्टी नि गुण्या लावून कटरनं दोन-तीन वेळा हलकी रेघ मारायची, आरपार कापायचं नाही, आणि रेघेपासून उलट्या बाजूला वाकवलं की टक्कन सरळ तुटतं. रेघेच्या दोन्ही बाजूंना बारीक उंचवटा येतो तो कटरचं पातं उभं धरून खरवडून टाका, नाहीतर दोन तुकडे एकमेकांवर बसणारच नाहीत आणि तुम्ही सिमेंटला शिव्या द्याल.

टाटाची केबिन करताना एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. आपल्याकडं कंपनी बऱ्याच गाड्या फक्त काउल लावून द्यायची, म्हणजे बोनेट, मडगार्ड, जाळी एवढाच पुढचा भाग, आणि मागची केबिन बॉडी बिल्डर बांधायचा, आधी लाकडाचा सांगाडा नि वर पत्रा. तमिळनाडूतलं नामक्कल या कामासाठी प्रसिद्ध, आपल्याकडंही हायवेला अशा शेड आहेतच. म्हणजे खरा ट्रकच स्क्रॅचबिल्ड, किटशिवाय हातानं बांधलेला! मग मॉडेल पण तसंच बांधा ना. मी १ मिमीच्या पट्ट्यांचा सांगाडा आधी उभा केला, सगळे कोपरे गुण्यात आहेत का बघितले, आणि मग ०.५ ची कातडी वरून चढवली. बाहेरच्या भिंती आधी चिकटवून आत आधार देत बसण्यापेक्षा हे शंभर पटीनं सोपं जातं, खिडक्या पण सरळ राहतात. शिवाय समोरची काच दोन सपाट तुकड्यांची नि मध्ये खांब, त्यामुळे क्लिअर शीट सरळ कापून बसते, युरोपियन केबिनसारखी वळलेली काच गरम करून ओढत बसायची भानगड नाही.

जाडीचा हिशेब मात्र डोक्यात ठेवा. ०.५ मिमी म्हणजे खऱ्या गाडीत १२ मिमी होतात, एवढा जाड पत्रा तर रणगाड्यालाच शोभेल. म्हणून खिडकीच्या नि मडगार्डच्या कडा आतल्या बाजूनं कानस मारून उतरत्या करा, बाहेरून बघणाऱ्याला फक्त बारीक धार दिसली पाहिजे. लाकडी फ्रेमच्या दाराला जरा जाडी चालते, तिथं अंगावर घेऊ नका.

शीटची खरी परीक्षा टपावर. टपाला पुढं-मागं हलका बाक असतो नि कोपरे गोल. ०.५ ची शीट पाइपवर टेपनं बांधून वरून उकळतं पाणी ओतायचं, मग गार पाणी, बाक बराचसा टिकतो. त्याहून चांगलं म्हणजे ०.२५ चे दोन थर बाकदार साच्यावरच एकमेकांना चिकटवायचे, सुकल्यावर परत सरळ व्हायचं नावच घेत नाहीत. फक्त सिमेंट बेतानं. तामियाचा हिरव्या झाकणाचा एक्स्ट्रा थिन भारी आहे, ब्रश सांध्याला टेकवला की आपोआप आत ओढला जातो, पण ०.२५ वर जास्त झाला तर प्लास्टिक पार विरघळून सुरकुत्या पडतात. आणि बंद खोके कधी करू नका, आत वाफ कोंडते नि काही दिवसांनी भिंत आत बसते, खालून एखादं भोक पाडून ठेवा. काम खिडकी उघडी ठेवून करा हे वेगळं सांगायला नको.

पट्ट्यांची पाकिटं वेगळी मिळतात, ३५ सेंटीमीटर लांब. त्यातली हाफ राउंड, म्हणजे अर्धगोल, घ्याच, दाराच्या वरची पन्हळ आणि बॉडीवरच्या आडव्या पट्ट्या त्यातून निघतात. चौकोनी पट्ट्या विकत घेण्यात मला अर्थ वाटत नाही, शीटमधूनच कापता येतात. अर्थात तुमचा हात स्थिर असेल तर.

जे शीटमधून होत नाही ते पण सांगतो. बोनेट नि मडगार्ड दोन्ही दिशांना गोलाई असलेले, त्याला शीट उपयोगाची नाही, थरावर थर चिकटवून ठोकळा करायचा आणि घासत बसायचं, वर पुट्टी नि मिस्टर सरफेसर (बारीक ओरखडे भरणारा प्रायमर). ज्याच्याकडं रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे त्यानं एवढा भाग प्रिंटच करावा, उगाच हौस नको. चाकांचं पण तेच, १०.००-२० चा टायर नि युरोपियन ३१५/८०-२२.५ यांची उंची १:२४ मध्ये जेमतेम एक मिमीनं वेगळी येते, टायर खपून जातो, पण रिम लगेच ओळखू येतो कारण आपल्या जुन्या रिमला लॉक रिंग असते. ती मी पातळ पट्टी गोल वाकवून केली.

साल आधी ठरवा हे महत्त्वाचं. टेल्कोचा (आताची टाटा मोटर्स) डायमलर-बेंझशी करार १९५४ चा, तो १९६९ ला संपला, त्यामुळे त्या काळातली गाडी करत असाल तर जाळीवर मर्सिडीजचा तारा, नंतरची असेल तर टाटाचा टी. आणि मागच्या फाळक्यावर 'हॉर्न ओके प्लीज' लिहिणार असाल तर महाराष्ट्रात २०१५ ला त्यावर बंदी आली, एमएच नंबरप्लेट टाकताना लक्षात असू द्या, नाहीतर कोणीतरी चूक काढणारच.

पहिल्यांदा घेणाऱ्यानं ९०२० चं एक, ९०४० चं एक नि हाफ राउंडचं एक पाकीट घ्यावं, ०.२५ नंतर. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा किमतीपायी कापला. माझी केबिन आता प्रायमरपर्यंत आलीय, आतला इंजिनचा डबा आणि गिअरच्या दांड्याची नेमकी जागा अडलीय, कुणाकडं १२१० एसई च्या केबिनचे आतले फोटो असतील तर द्या राव.