पणजीचं माहेर शोधायचंय? शाळेचं रजिस्टर, फेरफार, कोतवाल बुक की तीर्थोपाध्यायांची वही

पणजोबांच्या बाजूची वंशावळ काढणं तसं सोपं. आडनाव एक, गाव एक, जमीन असली तर सातबाऱ्यावरून फेरफार (म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद), त्या फेरफारावरून आधीचा फेरफार असं मागे मागे जाता येतं. पणजीचं तसं नाही. लग्नात आडनाव तर बदललंच, बऱ्याच घरांत पाळण्यातलं नावही बदललं, म्हणजे सासरच्या कागदात जी लक्ष्मीबाई ती माहेरच्या कागदात यमुना किंवा ठकू असू शकते. त्यामुळे तिचं नाव घेऊन ऑफिसं फिरायचा बेत असेल तर आधीच सोडून द्या. शोधायची ती तिच्या आजूबाजूची माणसं, पहिलं मूल, भाऊ, बाप, आणि यातलं कोण सापडण्यासारखं आहे त्यावर कुठल्या दप्तराच्या मागे लागायचं ते ठरतं.

माझं मत विचाराल तर सुरुवात शाळेपासून. पणजी शाळेत गेली असेल म्हणून नाही, बहुतेक गेलीच नसेल, पण तिची मुलं गेली असतील. जनरल रजिस्टरात म्हणजे प्रवेश-निर्गमच्या त्या जाडजूड वहीत नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख यांच्याबरोबर जन्मठिकाणाचा रकाना असतो, आणि आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी! आजोबा आणि त्यांच्या सगळ्या भावंडांच्या नोंदी काढा आणि एकाखाली एक लिहा. धाकट्यांच्या समोर सासरचं गाव आणि थोरल्यासमोर तिसऱ्याच तालुक्यातलं गाव असं दिसलं तर ते माहेर असायची शक्यता भरपूर. आत्याआजी शाळेत गेली असेल तर तिचीही नोंद बघा, लोक मुलग्यांवरच थांबतात.

कच्चे दुवे पण आहेत. पणजोबा रेल्वेत, पोलिसात किंवा गिरणीत असतील तर ते वेगळं गाव नोकरीचंही असू शकतं. कधी रकाना कोराच असतो, कधी मास्तरांनी सरसकट शाळेचंच गाव लिहून टाकलेलं असतं. जन्मतारखेवर तर विसंबूच नका, अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला असतो. आणि शाळा बंद होऊन दुसरीत विलीन झाली असेल तर रजिस्टर कुठे गेलं हे विचारायला पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चक्कर मारावी लागते. तरीपण शाळाच पहिली म्हणतोय कारण इथून गावाचं नाव मिळतं, आणि बाकी सगळी दप्तरं गावानुसार लावलेली असल्यामुळे गाव माहीत नसेल तर तिथे नुसतं बसून राहायचं.

गाव मिळालं (किंवा अंदाज आला) की फेरफार. पुरावा म्हणून हा सगळ्यात पक्का, पण याला एक अट आहे, आणि ती म्हणजे १९५६. त्या वर्षी हिंदू वारसा कायदा आला आणि मुली बापाच्या वारसांत मोजल्या जायला लागल्या, त्यामुळे पणजीचा बाप १९५६ नंतर वारला असेल तर माहेरच्या गावातल्या गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफारात, वारसनोंद साधारण अशी दिसते: मयत गणू बिन राघू यांचे वारस, मुलगा तुकाराम, मुलगा बाबू, मुलगी कोंडाबाई भ्र. सखाराम, रा. अमुक. सखाराम तुमचे पणजोबा आणि अमुक तुमचं गाव निघालं की झालं काम, बापाचं नाव आजोबाचं नाव आडनाव सगळं एका ओळीत हातात. पणजी बापाच्या आधी गेली असेल तरी निराश होऊ नका, मयत मुलीची मुलंही वारसात येतात, म्हणजे तिथे थेट तुमच्या आजोबांचं नाव असू शकतं. बऱ्याचदा लगेच पुढच्या एखाद्या फेरफारात बहिणींनी भावांना हक्कसोड करून दिलेलं असतं, तेही वाचा, त्यात बहिणींची सासरची गावं जास्त नीट लिहिलेली सापडतात. भावांना जमीन सोडणारी बहीण नेमकी त्याच कागदामुळे आपल्याला सापडते, गंमतच आहे.

वाचताना एवढं लक्षात ठेवा, बिन किंवा वलद दिसलं की पुढचं नाव बापाचं, आणि भ्र., कोम किंवा जवजे दिसलं की पुढचं नाव नवऱ्याचं. ए.कु.मॅ. दिसलं तर सावध, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलंय आणि बाकीची भावंडं पडद्याआड. अशा वेळी पुढे कधीतरी ए.कु.मॅ. कमी करून सगळ्या वारसांची नावं लावल्याचा फेरफार झालाय का बघायचं, बरेचदा बहिणी तिथे बाहेर येतात.

सरकारच्या आपले अभिलेख पोर्टलवर स्कॅन केलेले जुने फेरफार आणि सातबारे बघता येतात पण माणसाच्या नावाने शोध लागत नाही, जिल्हा तालुका गाव आणि नंबर लागतो. नंबर नसेल तर सरळ तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागायची. आणि ज्या माहेराला जमीनच नव्हती, म्हणजे काही बलुतेदार, शेतमजूर, शहरातले कामगार, त्यांच्यासाठी हा रस्ता जवळजवळ बंदच.

कोतवाल बुकाबद्दल, म्हणजे गाव नमुना १४, सध्या सगळ्यात जास्त ऐकू येतं. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं कुणबी नोंदींचं काम सुरू झालं आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या वेबसाइटवर या जुन्या वह्यांची पानं आली, त्यामुळे लोकांना वाटतं की इथे सगळं मिळणार. जातीची नोंद हवी असेल तर गोष्ट वेगळी. पणजीसाठी मात्र ही वही नंबर तीनवर. गावातला जन्म-मृत्यू त्यात असतो, पण जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव कित्येकदा नसतंच, बापाचं नाव आणि पुढे मुलगा किंवा मुलगी एवढंच. म्हणजे पणजी स्वतः जन्मली ती नोंद समोर असली तरी ती तिचीच की तिच्या बहिणीची हे सांगता येत नाही. शिवाय १९५० च्या आसपासपर्यंतच्या बऱ्याच नोंदी मोडी लिपीत, तेव्हा स्वतः मोडी शिका किंवा वाचणारा माणूस गाठा. मराठवाड्यात निजामाच्या वेळचे कागद उर्दूत, ते आणखी वेगळं. याचा खरा उपयोग शाळेतून मिळालेलं गाव तपासून बघायला. माहेरच्या गावच्या वहीत त्या वर्षी तुमच्या पणजोबांच्या नावावर थोरल्या मुलाचा जन्म सापडला, आणि पणजोबा तर त्या गावचे नव्हतेच, तर मग बाळंतीण तिथली होती हे उघड आहे.

तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातल्या पिढीजात पुरोहितांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया इथे आपल्या घराण्याचं उपाध्येपण कुणाकडे हे आडनाव आणि मूळ गावावरून कळतं, मग ते नामावळी काढून दाखवतात, आणि घराणं तिथे यात्रेला जात असेल तर किती पिढ्या मागे जाईल ते सांगता येत नाही. पण ओळ चालते ती पुरुषांची, आजोबा बाप भाऊ मुलगे, बायका आल्या तरी सासरच्या नावाने. एक फट आहे ती मात्र बघा. श्राद्धात मातामहाच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या बाजूच्या तीन पिढ्याही घेतात, म्हणजे तुमचे आजोबा गयेला गेले असतील तर त्यांनी पणजीच्या बापाचं, आजोबाचं, पणजोबाचं नाव घेतलंय. ते वहीत उतरलं का नाही हे लिहिणाऱ्यावर, पण विचारायला काय जातं, आणि नाव मिळालं तर गोत्रासकट मिळेल.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडे हेळवी येतात, वंशावळ सांगतात, त्यांचीही वही मुलांच्याच ओळीने चालते, पण मूळ गाव कुठलं, घराणं कुठून कुठे सरकलं हे त्यांच्याकडून चांगलं कळतं. छापील कुलवृत्तांत (घराण्याची माहिती आणि वंशावळ देणारं पुस्तक) ज्यांच्या समाजात आहेत त्यांनी तर बाकी काही करायच्या आधी तेच उघडावेत, बऱ्याच कुलवृत्तांतांत सुनेच्या पुढे तिचं माहेरचं नाव आणि बापाचं नाव छापलेलं असतं, दहा मिनिटांचं काम. पुण्याचं पेशवे दप्तर लोक उगाच पहिल्या फटक्यात गाठतात, माहेर वतनदार किंवा इनामदार असेल आणि दत्तक नाहीतर वारसाचा तंटा झाला असेल तर तिथे खजिना, नाहीतर मोडी कागदांच्या रुमालांत (कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत) हरवून जाल. पणजी गोव्याची असेल तर तुम्ही नशीबवान, तिथे १९१४ पासून नागरी नोंदणी आहे आणि जन्मनोंदीत आईकडच्या आजी-आजोबांचीही नावं असतात, मग या लेखातलं बाकीचं काहीच करायची गरज नाही.

तर माहेरी जमीन नव्हती पण पणजीची मुलं शिकली, शाळा आणि मग कोतवाल बुक. माहेर शेतकरी आणि पणजीचा बाप १९५६ नंतरही हयात, शाळेतून गाव काढा आणि सगळा जोर फेरफारावर लावा. मुलं शिकली नाहीत, जमीन नाही, पण घरात तीर्थयात्रा होत होत्या, तर नाशिक नाहीतर गया. आणि १९०० च्या आधी लग्न झालेली पणजी असेल तर शाळेची आशा कमी धरा, उपाध्ये आणि कुलवृत्तांत आधी.

कुठेही गेलात तरी नक्कल मागताना अर्जात फक्त तुमच्या नोंदीचा उतारा नको, अख्ख्या पानाची छायाप्रत असं स्पष्ट लिहा. आपण मागितलेल्या ओळीच्या वर किंवा खाली त्याच घरातली मावशी नाहीतर मामा बसलेला असतो, आणि क्लार्क तेवढीच एक ओळ उतरवून देतो.