पक्षी काढायचेत: दुर्बीण पुरेल की स्कोप घ्यावा?

गळ्यात दुर्बीण आहे, पिशवीत वही आहे, हातही पानावर बऱ्यापैकी बसलाय, अशी वेळ आली की चित्रं काढणाऱ्या पक्षीनिरीक्षकाच्या डोक्यात एक खर्च घोळायला लागतो: स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर बसवून एका डोळ्यानं बघायची मोठी दुर्बीण, घ्यावा का? मी या फेऱ्यातून गेलोय, म्हणून लिहितोय. फोटो काढून घरी निवांत रंगवणाऱ्यांनी यात पडूच नये, त्यांनी लेन्सवर पैसे घालावेत. इथे विषय आहे तो समोरच्या जिवंत, हलत्या पक्ष्यावरून काढण्याचा.

आधी दुर्बिणीची बाजू. झाडीतल्या पक्ष्यांसाठी तिला पर्याय नाही. कर्नाळ्याच्या जंगलात स्वर्गीय नर्तक दिसला तर तो एका फांदीवर टिकणार किती? ट्रायपॉडचे पाय उघडेपर्यंत तो तिसऱ्या झाडावर. शिंपी, वटवट्या, चष्मेवाला यांचंही तेच. तिथे डोळे भरून बघून घ्यायचं, दुर्बीण सोडायची आणि आठवणीतून चार रेषा मारायच्या. यानं नजर तयार होते हे मान्य करायलाच हवं. काय बघायचं ते आधी ठरवायची सवय लागते: शेपटीचा कोन काय, डोळा चोचीच्या रेषेपासून किती वर, पाय पोटाच्या कुठल्या भागातून निघतात. नव्या माणसानं सुरुवातीचा काळ दुर्बिणीवरच काढावा असं मला वाटतं.

रंगातही दुर्बीण थोडी उजवीच. कोवळ्या उजेडात खंड्याच्या पाठीचा निळा दुर्बिणीत जसा पेटतो, तसा स्कोपमध्ये जवळ ओढून बघितल्यावर राहत नाही, मळकट होतो. मुळात तो निळा रंगद्रव्याचा नाही, पिसाच्या सूक्ष्म रचनेतून येतो, त्यामुळे उजेड बदलला की तोही बदलतो. मोजमाप मी काही केलेलं नाही, पण दोन्हींतून बघून कालवलेल्या निळ्यांत दुर्बिणीचे निळे मला जास्त पटतात.

हे सगळं खरं असूनही एका गोष्टीनं मला इतकं पिडलं की शेवटी तिच्यापायीच निर्णय झाला. दुर्बिणीला दोन्ही हात लागतात. ऐकायला क्षुल्लक वाटेल. पण पाण्याकाठी मांडी घालून बसा आणि करून बघा. बघायचं तर पेन्सिल दातात धरायची, ब्रश असेल तर तो कानावर. दुर्बीण उचलली की मांडीवरची वही घसरते. वही सावरायला वाकलं की दुर्बीण छातीवरून लोंबत पुढे येते आणि नेमकी ओल्या रंगावर टेकते. माझ्या एका शेकाट्याच्या पांढऱ्या पोटावर लेन्सच्या कडेचा गोल ठसा आहे, अगदी कंपासनं काढल्यासारखा. छातीला बांधायचा पट्टा घेऊन बघितला, त्यानं लोंबणं थांबलं, उचल-ठेव काही थांबली नाही.

आणि खरी चिडचिड त्याच्याही पुढची. उजनी जलाशयावर कुंभारगावच्या काठाला शेकाट्यांचा थवा चरत असतो. त्यातला एक निवडावा, मानेचा बाक बघावा, खाली बघून रेघ मारावी आणि पुन्हा दुर्बीण लावावी, तर मघाचा तो कुठला? सगळेच लाल पायांचे, सगळेच चालते. मग चित्रात मान एकाची, पोट दुसऱ्याचं, पाय तिसऱ्याचे. नराची काळीभोर पाठ आणि मादीचा तपकिरी पंख एकाच पक्ष्यावर आले की जाणकार वही चाळता चाळता थांबतो आणि सभ्यपणे काहीच बोलत नाही.

स्कोपनं हे संपलं. पक्षी चौकटीत धरला की तो तिथेच असतो, फार तर दोन बोटांनी ट्रायपॉडचं हँडल जरा सरकवायचं. उजवा हात पानावरून उठतच नाही. मी ट्रायपॉड बुटका करून डाव्या बाजूला ठेवतो. डावा डोळा आयपीसला, म्हणजे स्कोपच्या डोळा लावायच्या टोकाला, उजवा वहीवर. चाळिशी लागलेल्यांना यात आणखी एक सुख आहे: दुर्बिणीसाठी चष्मा वर, पानासाठी चष्मा खाली, ही कवायत बंद होते.

चरणारे, पिसं साफ करणारे पक्षी त्याच त्या पवित्र्यात पुन्हा पुन्हा येतात. म्हणून एका पानावर पाच-सहा अर्धवट आकृत्या उघड्या ठेवायच्या आणि पक्षी ज्या पवित्र्यात परत येईल ती पुढे न्यायची. चित्रबलाक अंग साफ करताना मान मागे वळवतो, चोच पंखाखाली जाते आणि खांद्यावरची पिसं मिटल्या पंखावर ओघळून त्याची कड झाकून टाकतात. ही कड नेमकी कुठे झाकली जाते ते समजेपर्यंत माझे बलाक पंख चिकटवल्यासारखे दिसायचे. हे दुर्बिणीनं समजलंच नसतं असं नाही, पण मला तरी ते स्कोपला डोळा लावून बसल्यावर दिसलं.

स्वीडनचे पक्षीचित्रकार लार्स यॉन्सन स्कोपमधून बघत जागेवरच रंगवतात, ते उदाहरण आपल्याकडे हमखास दिलं जातं. त्यांच्याकडची हवा थंड आहे, एवढंच लक्षात ठेवा. आपल्याकडे ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि लांबचे रोहित (फ्लेमिंगो) वितळल्यासारखे दिसतात. तेव्हा झूम वाढवून काही हाती लागत नाही. मी तीसपटीच्या वर क्वचितच जातो. होडीत स्कोप निव्वळ ओझं. निरीक्षण मनोऱ्यावर कुणी जिना चढलं तरी चित्र हलतं. शिवाय लांबचा थवा स्कोपमध्ये दाबल्यासारखा दिसतो, पुढचे-मागचे पक्षी एकमेकांना चिकटतात. त्यामुळे थव्याची मांडणी मी नुसत्या डोळ्यांनी बघून करतो.

म्हणजे तुमचं फिरणं ताम्हिणी, कर्नाळा, आंबोली असं रानातलं असेल, तर पैसे वाचवा, दुर्बीण झकास आहे. पण भिगवण, नांदूर मधमेश्वर, ठाण्याची खाडी ही तुमची ठिकाणं असतील आणि एका जागी दोन-तीन तास बसायची तयारी असेल, तर स्कोपकडे जरा झुकलेलं बरं. प्रत्येकाची बैठक वेगळी, पण शक्य तर आधी कुणाचा तरी मागून एक सकाळ काढून बघा. माझी दुर्बीण आता पक्षी शोधण्यापुरतीच बाहेर येते.

घ्यायचाच ठरला तर आयपीस तिरका असलेलाच घ्या. सरळ आयपीसमधून बघायला मान ताठ लागते आणि वही नजरेच्या टप्प्यातून जाते. भिंग मोठं घेण्याऐवजी तेच पैसे ट्रायपॉडच्या डोक्यावर, म्हणजे स्कोप ज्यावर बसतो त्या भागावर, घाला. हँडल सोडल्यावर नाक खाली घालणारा स्कोप चित्रकाराच्या काही कामाचा नाही.