जुन्या जीपला डीआय की सीआरडीई?

महिंद्राच्या जुन्या एमएम ५४० जीपचं मूळ २.१ लिटरचं प्युजो डिझेल इंजिन दमलं की पुढचा प्रश्न ठरलेला: बोलेरोचं साधं, यांत्रिक पंपावर चालणारं डीआय टर्बो टाकायचं की कॉमन रेलचं, म्हणजे इंधन कॉम्प्युटरच्या हुकमाने सोडणारं सीआरडीई? महिंद्राने २०१० साली थार आणली तेव्हा हीच दोन इंजिनं दिली होती, एक ६३ हॉर्सपॉवरचं आणि दुसरं १०५ चं. म्हणजे जीपच्या अंगाला दोन्ही परकी नाहीत. आमच्या घरात दोन्ही आहेत. माझ्या जीपमध्ये डीआय, मावसभावाच्या जीपमध्ये सीआरडीई. काम रबाळ्याच्या एकाच मिस्त्रीकडे झालं आणि दोन्ही गाड्या मी भरपूर चालवल्या आहेत.

चालवायला सीआरडीई सरस, यात वाद नाही. कसारा घाटात मी ट्रकमागे दुसऱ्या गिअरवर रेटत असतो तेव्हा भाऊ तिसऱ्यात ओव्हरटेक करून दिसेनासा झालेला असतो. आवाज कमी, धूर जवळजवळ नाहीच. माझी जीप सत्तरच्या पुढे गेली की शेजारच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. पण ताकद वाढली की बाकीचंही वाढवावं लागतं. जुने ड्रम ब्रेक पुरेनात म्हणून त्याने पुढे डिस्क लावले, टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जागा काढली, रेडिएटर मोठा घेतला. त्याचा खर्च माझ्या जवळजवळ दुप्पट झाला. मुरबाडच्या पुढच्या कच्च्या रस्त्यांवर लो गिअरमध्ये मात्र मला तरी दोघांत फारसा फरक जाणवला नाही.

माझा निर्णय झाला तो वायरिंगमुळे. सीआरडीई घेताना नुसतं इंजिन उचलून चालत नाही. त्याच गाडीचं ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), अख्खं हार्नेस (वायरिंगचा जुडगा), इलेक्ट्रॉनिक पेडल, चोरीरोधक इमोबिलायझर असेल तर चावीसुद्धा लागते. एवढं सगळं जीपच्या त्या एवढ्याशा डॅशबोर्डमागे कोंबायचं, आणि वर ताडपत्रीचं हूड. आपल्याकडचा पाऊस त्यातून कुठूनही आत येतो. त्या २०१० च्या थारमध्ये हेच इंजिन ताडपत्रीच्या हूडखाली चालतं हे खरं, पण तिथे कोणता कनेक्टर कुठे बसणार हे कारखान्यात ठरलेलं असतं. इथे मिस्त्री जागा मिळेल तिथे बांधतो.

माझं इंजिन अजून ठरायचं होतं तेव्हाची गोष्ट. जुलैमध्ये वसईहून परतताना, गायमुखच्या चढावर, भावाच्या गाडीचा चेक लाइट लागला आणि ती लिम्प मोडमध्ये गेली, म्हणजे बिघाड दिसताच कॉम्प्युटरने ताकद आवळली. पेडल तळाला टेकवलं तरी गाडी सरपटत होती आणि मागे कंटेनरची रांग हॉर्न वाजवत होती. पुढे तीन आठवडे गॅरेज पालथी घातली. प्रत्येक जण स्कॅनर लावायचा, कोड पुसायचा, गाडी दोन दिवस नीट चालायची. शेवटी रबाळ्याच्या मिस्त्रीने पेडलचा कनेक्टर उघडला. पाण्याचा एक थेंब माझ्या तळहातावर घरंगळला. आत एक पिन हिरवी पडली होती. एवढ्यासाठी तीन आठवडे! त्याच संध्याकाळी मी त्याला माझ्यासाठी डीआय शोधायला सांगितलं. पेडलला केबल, पंपाला सोलेनॉइडची एक वायर, बिघडलं तर मुरबाडच्या नाक्यावरचा ट्रॅक्टरवालाही हात घालू शकतो.

कागदांचं दोन्हीकडे सारखंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते. ती आधी काढा, मग इंजिन उतरवा. विकत घेताय त्या वापरलेल्या इंजिनाचं बिल आणि कागद नसतील तर भाव कितीही पडलेला असो, घेऊ नका, कारण नवा इंजिन नंबर आरसीवर चढणार नाही. आणि पैसे मोजण्याआधी सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या तबकाचा, आकार पाहून घ्या. आपला पुढचा अ‍ॅक्सल अखंड आहे, तो उसळून सम्पला लागला तर मिस्त्रीला सगळं पुन्हा उचलावं लागतं.

तुमच्या जीपला पक्कं हार्डटॉप असेल आणि दर आठवड्याला नाशिक गाठायचं असेल, तर कदाचित सीआरडीईच तुम्हाला पटेल. भावाने आता ईसीएम सीटखाली उंचावर बंद डब्यात ठेवलंय, कनेक्टरांना ग्रीस भरलंय आणि यंदाच्या पावसात गाडी एकदाही अडलेली नाही. पण परवा मुसळधार पावसात माळशेजला जायचं ठरलं, तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "दादा, तुझीच काढू."