बाकामागून पाहिलेला प्रशिक्षकवर्ग: एका विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाविषयी

माझी मुलगी ऑगस्ट २०२१ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत, म्हणजे चार हंगाम, अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील एका सार्वजनिक विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघात होती. संघ डिव्हिजन वनचा, म्हणजे महाविद्यालयीन क्रीडेतील सर्वांत वरच्या श्रेणीचा. खेळाला इथे सॉकर म्हणतात. मी मात्र फुटबॉलच म्हणणार आहे. या चार हंगामांत ती सुरुवातीच्या अकरा जणींत मोजून नऊ वेळा उतरली; उरलेला काळ ती बदली खेळाडू तरी होती किंवा जखमी तरी. हा अभिप्राय त्यामुळे राखीव बाकाच्या मागे बसून लिहिलेला आहे, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे. संघातल्या हुकमी आघाडीपटूच्या आईने तो लिहिला असता, तर तो निम्म्या लांबीचा आणि दुप्पट गोड झाला असता. विद्यापीठाचे नाव मी घेत नाही, कारण मुलीच्या काही मैत्रिणी अजून तिथेच खेळतात.

पहिली ओळख झाली ती १५ जून २०१९ रोजी. हायस्कूलचे दुसरे वर्ष, म्हणजे आपल्याकडची दहावी, संपल्यानंतरच्या १५ जूनच्या आधी महाविद्यालयीन प्रशिक्षकांनी खेळाडूशी भरतीविषयी संपर्क साधायचा नाही, हा एनसीएएचा, म्हणजे अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या संघटनेचा, नियम त्याच वर्षी लागू झाला होता. त्या रात्री बारा वाजून काही मिनिटांनी मुलीच्या फोनवर या संघाच्या तरुण सहाय्यक प्रशिक्षिकेचा संदेश आला. नुसते ‘आम्हाला तुझा खेळ आवडतो’ असे न लिहिता, एका स्पर्धेतल्या विशिष्ट सामन्यात उजव्या बाजूने आलेला लांब चेंडू मुलीने छातीवर न घेता डोक्याने बाहेर का काढला, असा प्रश्न तिने विचारला होता. अशा प्रश्नाला भुलणार नाही असा सोळा वर्षांचा बचावपटू मला तरी माहीत नाही. पुढे मार्च २०२० पासून कोविडमुळे प्रत्यक्ष भेटीगाठींवर बंदी आली आणि ती मे २०२१ अखेरपर्यंत टिकली, त्यामुळे बाकीची सारी बोलणी पडद्यावरच झाली. भरती करणाऱ्या माणसांचा गृहपाठ पक्का होता आणि शिष्यवृत्तीविषयी त्यांनी काहीही लपवले नाही, एवढे निःशंकपणे सांगता येते. त्या काळी महिला फुटबॉलच्या पूर्ण संघाला मिळून १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्या तुकड्यातुकड्यांनी वाटल्या जात, त्यामुळे आमच्या वाट्याला शिक्षणशुल्काचा साधारण तिसरा हिस्सा आला. हे गणित मुख्य प्रशिक्षकांनी पहिल्याच बोलण्यात कागदावर मांडून दाखवले. ज्या सहाय्यक प्रशिक्षिकेच्या प्रश्नामुळे मुलगी तिथे गेली, ती मात्र पहिला हंगाम संपताच दुसऱ्या विद्यापीठात मोठ्या पदावर निघून गेली. तिला दोष देण्यात अर्थ नाही, कारण या व्यवसायात सहाय्यकांची बढती अशीच होते. पण पालकांच्या दृष्टीने, लग्न ठरवताना भेटलेला माणूस वरातीत दिसू नये, तसे ते झाले.

प्रत्यक्ष प्रशिक्षणाविषयी बोलायचे तर त्यात खोट काढणे अवघड आहे. मुख्य प्रशिक्षक, दोन सहाय्यक आणि गोलरक्षकांची प्रशिक्षिका असा चौघांचा ताफा होता; शिवाय ताकदीचे व्यायाम करून घेणारा एक तज्ज्ञ आणि दुखापती पाहणारी एक अ‍ॅथलेटिक ट्रेनर. प्रत्येक सरावाची सुरुवात फिफाच्या ‘इलेव्हन प्लस’ या वॉर्मअपने होत असे: सुमारे वीस मिनिटे, तीन भाग, पंधरा व्यायाम. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हा वॉर्मअप करणाऱ्या संघांमध्ये गंभीर दुखापती बऱ्याच कमी आढळल्या होत्या. आज अनेक संघ तो करतात, पण कित्येक ठिकाणी तो प्रार्थनेसारखा उरकला जातो. इथे एक सहाय्यक प्रशिक्षक गवतावर अक्षरशः पालथे पडून, उडी मारून खाली येणाऱ्या मुलींचे गुडघे पाहत असत. गुडघा आत वळला की त्या मुलीला हाक मारून उडी पुन्हा मारायला लावत, आणि तो पायाच्या बोटांच्या रेषेत आला की नुसता अंगठा दाखवून पुढच्या मुलीकडे वळत. एका थंड सकाळी मी कुंपणाबाहेर उभी राहून हे पाहिले. वीस मिनिटांत त्यांनी अकरा मुलींना परत उडी मारायला लावली आणि एकीलाही त्यात कमीपणा वाटल्याचे दिसले नाही.

गोलरक्षकांच्या प्रशिक्षिकेविषयी वेगळे लिहायला हवे. २०२१ आणि २०२२ या दोन्ही हंगामांत ती ‘स्वयंसेवक प्रशिक्षक’ होती, म्हणजे काम पूर्ण वेळेचे आणि विद्यापीठाकडून पगार शून्य. डिव्हिजन वनमधला हा प्रकार २०२३ मध्ये रद्द झाला आणि तिला रीतसर नोकरी मिळाली. पगार नसतानाच्या आणि मिळू लागल्यानंतरच्या तिच्या कामात मला काडीचा फरक दिसला नाही, हे तिच्यासाठी भूषणावह आणि त्या व्यवस्थेसाठी लाजिरवाणे आहे. ओल्या मैदानावर गुडघे टेकून ती गोलरक्षकांकडे टेनिसचे चेंडू फेकत असे आणि फेकण्याच्या ऐनवेळी चेंडूचा रंग बदले; पिवळा आला तर डावा हात, हिरवा आला तर उजवा.

वेळेच्या बाबतीत हा प्रशिक्षकवर्ग नियमाला धरून वागला, पण नियमातच मोठी गोम आहे. हंगामात खेळाडूकडून आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि दिवसाला ४ तास घेता येतात आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी लागते. मात्र सामन्याचा दिवस हिशेबात केवळ ३ तासांचा धरला जातो आणि प्रवास मोजलाच जात नाही. गुरुवारी एक आणि रविवारी दुसरा सामना, त्यात एक परगावी, म्हटल्यावर मुलगी पुस्तके घेऊन बसमध्ये किती तास बसली असेल याचा हिशेब मी एकदा मांडला आणि पुन्हा मांडायचा नाही असे ठरवले. २०२२ पासून नियमित हंगामातील सामन्यांचा जादा वेळ रद्द झाला, तेव्हा सर्वांत मोठा सुटकेचा निःश्वास त्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरने सोडला असणार.

सामन्यातील डावपेचांवर मी फार बोलणार नाही. माझा तो अधिकार नाही. बदली खेळाडूंचा वापर हा मात्र आमच्या घरचाच विषय होता. पूर्वार्धात एकदा बाहेर आलेली खेळाडू त्या अर्धात पुन्हा आत जाऊ शकत नाही आणि उत्तरार्धात तिला एकदाच परत जाता येते, असा महाविद्यालयीन नियम होता. फिफाच्या नियमांवर वाढलेल्या आमच्यासारख्यांना मुळात बाहेर गेलेली खेळाडू परत येते याचेच आश्चर्य. त्यात मैदानावरचे घड्याळ ४५ वरून शून्याकडे उलटे पळते, त्यामुळे माझे पती पहिला पूर्ण हंगाम ‘नक्की किती झाली?’ एवढेच विचारत होते. या नियमाचा आमच्या मुख्य प्रशिक्षकांनी चांगला उपयोग केला. पूर्वार्धाच्या पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास ते चार-पाच ताज्या दमाच्या खेळाडू एकदम आत पाठवत आणि पहिल्या अकरांतल्या थकलेल्यांना मध्यंतरानंतर परत आणत. माझ्या मुलीची बहुतेक मिनिटे या लाटेतली आहेत. पण ही लाट गुणफलक पाहून येई. संघ एका गोलने मागे असला की ती यायचीच नाही, आणि सहाव्या-सातव्या क्रमांकाच्या बदली खेळाडूला वॉर्मअप करून करून घाम आल्यावर पुन्हा जॅकेट घालून बसावे लागे. त्याबद्दल सामन्यानंतर कोणी चकार शब्द काढत नसे.

दुसऱ्या हंगामात, सप्टेंबर २०२२ मध्ये, मुलीच्या डाव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून स्थिर ठेवणारा अस्थिबंध, फाटला. वॉर्मअपने धोका कमी होतो, संपत नाही. या खेळात ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना कितीतरी अधिक होते हे मला पुस्तकी माहीत होते, पण बाजूच्या रेषेवर गुडघा धरून पडलेली मुलगी आपली असली की ते ज्ञान कामाला येत नाही. मला या प्रशिक्षकवर्गाला सर्वाधिक गुण द्यायचे आहेत ते पुढच्या अकरा महिन्यांसाठी. शस्त्रक्रियेनंतर तिला ‘बरी हो, मग ये’ असे सांगून कोणी बाजूला ठेवले नाही. नव्या सहाय्यक प्रशिक्षिकेने तिच्या हातात पाटी आणि पेन्सिल दिली आणि प्रत्येक सामन्यात प्रतिस्पर्ध्यांच्या कॉर्नर किकच्या वेळी कोण कुठे उभी राहते हे टिपायचे काम दिले. ती टिपणे खरोखर वापरली जात. एका सामन्याच्या मध्यंतरात तिच्या टिपणावरून जवळच्या खांबाशी उभी राहणारी खेळाडू बदलण्यात आली. सामन्यानंतर प्रत्येकीला पाठवल्या जाणाऱ्या सहा-सात चित्रफिती तिलाही येत राहिल्या. फरक इतकाच की त्यांत ती स्वतः नसे, तिच्या जागेवर खेळणारी असे, आणि सहाय्यक प्रशिक्षिकेच्या आवाजात विचारलेले असे की इथे तू काय केले असतेस. परत कधी खेळायचे हा निर्णय डॉक्टर आणि ट्रेनर यांचाच राहिला. मुख्य प्रशिक्षकांनी एकदाही तारीख विचारली नाही, आणि मला वाटते, हे त्यांनी ठरवून केले.

आता मुख्य तक्रार. सरावगृहाच्या दाराशी एक तक्ता लावलेला असतो आणि त्यावर सर्व खेळाडूंची क्रमवारी दर आठवड्याला बदलते: कोणी किती लढती जिंकल्या, छोट्या मैदानावरच्या सामन्यांत कोणाचा संघ किती वेळा जिंकला, धावण्याच्या चाचणीत कोण कितवी आली. ही पद्धत त्यांची स्वतःची नाही. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या महिला संघाला १९७९ पासून २०२४ पर्यंत घडवणाऱ्या आणि एनसीएएची २१ विजेतेपदे मिळवून देणाऱ्या अँसन डोरन्स यांनी सरावातली प्रत्येक गोष्ट मोजून जाहीर करण्याची ही रीत रूढ केली, आणि १९८२ मध्ये सुरू झालेल्या त्या स्पर्धेचा इतिहास पाहता तिची नक्कल होणे स्वाभाविकच आहे. तक्त्यात प्रामाणिकपणा आहे हे मी मान्य करते. वशिला चालत नाही आणि कोणाची जागा कोणामुळे गेली हे दिसते. पण तक्ता मोजता येईल तेवढेच मोजतो. मध्यबचावपटूचे निम्मे काम असे असते की ते नीट झाले तर काही घडतच नाही: आघाडीची खेळाडू धावणार होती ती थांबते, पास जाणार होता तो मागे फिरतो. त्याला तक्त्यात रकाना नाही. माझी मुलगी चार हंगामांत त्या तक्त्यावर एकदाही पहिल्या दहांत आली नाही.

तक्ता होता म्हणून बोलणे कमी झाले, असे माझे मत आहे. हंगामात तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटांची, प्रत्येकीची मुख्य प्रशिक्षकांशी स्वतंत्र भेट ठरलेली असे. तिसऱ्या वर्षी मुलीने तिथे सरळ विचारले की मला सुरुवातीपासून खेळायला मिळण्यासाठी काय कमी पडते. उत्तर मिळाले की मेहनत चालू ठेव, संधी येईल. हे उत्तर चुकीचे नसेल, पण ज्या प्रशिक्षकवर्गाला तिच्या गुडघ्याचा कोन अंशांत सांगता येत होता, त्याला हे शब्दांत सांगता येऊ नये, हे मला अजून पटलेले नाही. ती संघात चौथी मध्यबचावपटू होती आणि चौथीच राहणार होती, हे त्यांना ठाऊक असणार. तसे सांगितले असते तर ती ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव नोंदवून दुसरीकडे गेलीही असती. कदाचित म्हणूनच कोणी सांगितले नसावे. मुलगी म्हणते की मी फार संशय घेते.

पाचपैकी मी साडेतीन गुण देते. मुलगी चार देते आणि म्हणते की त्यातला अर्धा गुण गोलरक्षकांच्या प्रशिक्षिकेचा आहे, जरी ती स्वतः एक मिनिटही गोलमध्ये उभी राहिली नाही.

२०२५ च्या १५ जूनला हाच फोन माझ्या धाकट्या दिरांच्या मुलीला आला. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या खटल्यात त्याच जूनच्या सुरुवातीला न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात जास्तीत जास्त २८ खेळाडूंची मर्यादा आली, त्यामुळे बाक आता पूर्वीपेक्षा आखूड होणार. भाऊजींनी मला विचारले तेव्हा मी त्यांना दोनच प्रश्न विचारायला सांगितले: तिच्या जागेसाठी आता किती मुली आहेत आणि त्या कोणत्या वर्षाला आहेत, आणि आज फोन करणारी सहाय्यक प्रशिक्षिका दोन वर्षांनी तिथे असेल का. पहिल्याचे उत्तर मुख्य प्रशिक्षकांनी लगेच, प्रत्येकीचे वर्ष सांगून दिले. दुसऱ्यावर ते हसले आणि म्हणाले, ‘तिला कळले की मलाही सांगा.’